आणखी एक वर्ष



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी डिसेंबरअखेर इथे जमतो, त्यांच्या वर्गात मी बसलेलो आहे. वर्गात आल्यावर ते आधी फळ्यावर तारीख लिहायचे. वार, तारीख, महिना, साल, सगळं पूर्ण. हे काम त्यांनी कधी मॉनिटरवर सोपवलं नाही. तेव्हा मला त्याचं विशेष काही वाटलं नव्हतं. पुढे नव्वदावं स्तोत्र समजून वाचलं, दिवस मोजायला शिकव ही त्यातली मागणी लक्षात आली, तेव्हा तो खडूचा हात डोळ्यांपुढे आला. आजचं बोलणं त्या हाताला अर्पण करतो.

मला दिलेला विषय आहे, 'नव्या वर्षासाठी ख्रिस्ती माणसाची आध्यात्मिक ध्येयं'. खरं सांगतो, 'ध्येय' या शब्दापाशी मी अडखळलो. ध्येय म्हटलं की हल्ली डोळ्यांपुढे कंपनीचं टार्गेट येतं. इतकी विक्री, इतकी वाढ, मार्चअखेर हिशेब. आपणही तीच मोजपट्टी उचलतो आणि आत्म्याला लावतो. पहाटे पाचला उठेन. रोज तासभर प्रार्थना. वर्षात संपूर्ण बायबल. राग बंद. बारा-बारा कलमांच्या अशा याद्या मी स्वतः केलेल्या आहेत. त्यातली एकही यादी मी फेब्रुवारीच्या पलीकडे नेऊ शकलो नाही, आणि दरवेळी यादी सुटली की काही दिवस प्रार्थनेलाही बसवत नसे. देवाला तोंड कसं दाखवायचं, अशी अवस्था. ज्या यादीने देवाजवळ न्यायचं, तिनेच मला त्याच्यापासून तोंड लपवायला लावलं. असं का होतं? या प्रश्नाचा माग काढत काढत मी एका झाडापाशी पोचलो.

ते झाड लूकच्या तेराव्या अध्यायात आहे. एका माणसाने द्राक्षमळ्यात अंजीर लावलं. तीन वर्षं तो फळ पाहायला येतो आहे आणि तीन वर्षं रिकाम्या हाताने परत जातो आहे. शेवटी तो माळ्याला म्हणतो, तोडून टाक, जागा कशाला अडवून ठेवायची? माळी म्हणतो, एवढं एक वर्ष थांबा. मी याच्या भोवती खणतो, खत घालतो, मग बघू.

पुरंदरकडची मंडळी इथे बसली आहेत. त्यांना अंजिराचं झाड मी काय सांगणार? सासवडच्या बाजूला अंजिराचा खट्टा बहर आणि मीठा बहर धरणारी ही माणसं. अंजीर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फळाला लागतं, हे त्यांना ठाऊक आहे; म्हणजे तीन वर्षं वाट पाहणारा तो मालक उतावळा नव्हता. त्याची तक्रार रास्त होती. आणि झाड फुकटच्या जमिनीवरही उभं नव्हतं. द्राक्षाची जमीन, द्राक्षाचं पाणी, द्राक्षाची राखण, हे सगळं ते घेत होतं.

आता ही गोष्ट येशू केव्हा सांगतो ते पाहा. लोक त्याच्याकडे बातमी घेऊन आलेत. पिलाताने काही गालीलकरांना मारलं, त्यांच्या यज्ञबळींच्या रक्तात त्यांचं रक्त मिसळलं. येशू स्वतः दुसरी बातमी काढतो, शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं गेली. मेले ते जास्त पापी होते काय? नाही, असं तो स्वच्छ सांगतो. आणि लगेच या अंजिराची गोष्ट. म्हणजे गोष्ट ऐकणाऱ्यांच्या कानांत मरणाची बातमी ताजी आहे. आपल्याही कानांत ती ताजी आहे. येत्या 31 डिसेंबरच्या वॉचनाईटला, म्हणजे वर्षअखेरच्या रात्रीच्या उपासनेला, वर्षभरात प्रभूमध्ये निजलेल्यांची नावं वाचली जातील. ते गेले आणि आपण बाकावर बसलो आहोत, यात आपली कमाई कोणती? काहीही नाही. कोणीतरी आपल्यासाठी शब्द टाकला आहे, म्हणून हे वर्ष मिळतं आहे.

माझा पहिला आणि सर्वांत मोठा मुद्दा हाच. नवं वर्ष आपण सुरू करत नाही, ते आपल्याला दिलं जातं. मागून मिळालेलं वर्ष आहे हे. आणि त्या गोष्टीत झाडाने काय ठरवलं? झाड काहीच ठरवत नाही. कुदळ माळ्याच्या हातात आहे, खतही तोच घालणार आहे. मग आपण हातावर हात ठेवून बसायचं का? तसंही नाही, कारण आपण मुळं आवळून धरणारी झाडं आहोत. खणू दिलं नाही तर खत वरच्या वर वाळून जातं. आध्यात्मिक ध्येय या शब्दाचा मला लागलेला अर्थ एवढाच आहे: या वर्षी मी माझ्या कुठल्या बाजूची माती त्याला उकरू देणार आहे? फळ किती किलो, हा माझा प्रश्न नाही. कुठे खणायचं, हा माझा प्रश्न आहे. आणि खणणं दुखतं. बागाईतदार सांगतील, बहर धरायचा तर आधी झाडावर कात्री चालवावी लागते.

आता हे रोजच्या जगण्यात उतरवायचं कसं?

दोन माणसांच्या वाचनाची गोष्ट सांगतो. पहिले आपले रेव्हरंड टिळक. 1893 साल. नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने चालले होते. डब्यात एका युरोपियन गृहस्थाशी बोलणं निघालं, आणि उतरताना त्याने नवा करार हातात ठेवला. वाचीन, एवढं टिळकांनी कबूल केलं. पुस्तक त्यांना मुळीच आवडलं नव्हतं. पण दिलेला शब्द, आणि कुठलंही पुस्तक पहिल्या पानापासून क्रमाने वाचायची त्यांची सवय. हातात पेन्सिल घेऊन, खुणा करत त्यांनी वाचायला सुरुवात केली. डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथून त्यांना उठवेना. 1895 च्या फेब्रुवारीत मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. आज आपल्या उपासनेतली गाणी त्यांची आहेत, आपली प्रार्थनेची भाषाही अर्धी त्यांनीच घडवली. याच्या मुळाशी काय होतं? ख्रिस्ती व्हायचं, मराठीला ख्रिस्ती गीत द्यायचं, असं काही टिळकांनी त्या डब्यात ठरवलं नव्हतं. एक पुस्तक, पहिल्या पानापासून, हातात पेन्सिल. ठरलं होतं एवढंच.

दुसरा माणूस स्कॉटलंडच्या डंडी गावचा पाळक, रॉबर्ट मरे मॅकचेन. 1842 च्या डिसेंबरात त्याने आपल्या मंडळीसाठी बायबल वाचनाचं वेळापत्रक तयार केलं. (त्याच 1842 साली इकडे अहमदनगरला 'ज्ञानोदय' हे ख्रिस्ती नियतकालिक सुरू झालं होतं. मला ही दोन कामं शेजारीशेजारी ठेवून पाहायला आवडतं.) बायबलात 1189 अध्याय आहेत. 365 दिवसांत वाचायचे तर रोज तीनहून अधिक. मॅकचेनने रोज चार ठेवले. जुना करार वर्षातून एकदा, नवा करार आणि स्तोत्रं दोनदा. जगभर आजही हजारो ख्रिस्ती घरांत ते वेळापत्रक चालतं. पण मला मोल वाटतं ते त्याच्या प्रस्तावनेचं. फायदे सांगण्याआधी त्याने धोके सांगितले आहेत. वाचन नुसता उपचार होईल. रोजचा भाग झाला की मी फार केलं असं वाटायला लागेल. घाईघाईने डोळे फिरतील, मन जागेवर नसेल. आणि काहींना हे जू फार जड जाईल. वेळापत्रक लिहिणाऱ्याने वेळापत्रकाचेच धोके आधी लिहावेत, याला मी पाळकाचं हृदय म्हणतो. आणि तो स्वतः? 25 मार्च 1843 ला गेला. वय 29. त्याने आखलेलं पहिलं वर्ष त्याला स्वतःला तीन महिनेही मिळालं नाही. ते अपुरं राहिलेलं वाचन देवाच्या वहीत नापास म्हणून लिहिलं असेल, असं कोणाला वाटतं का?

तरुण मित्रांनो, तुम्हाला वर्षात संपूर्ण बायबल जमत असेल तर जरूर वाचा. ज्यांनी आजवर कधी सलग काही वाचलेलं नाही, त्यांनी मार्क घ्या. सोळा अध्याय आहेत. पेन्सिल हातात असू द्या. एखादा दिवस सुटला तर दुसऱ्या दिवशी दोन दिवसांचं ओझं उचलू नका, जिथे खूण आहे तिथून पुढे चला.

आता मी जरा अवघड जागी येतो आहे, आणि इथे थोडा रेंगाळणार आहे.

ख्रिस्ती निश्चयांचा इतिहास सांगताना एक नाव हमखास येतं, अमेरिकेतला जोनाथन एडवर्ड्स. 1722-23 मध्ये, वयाच्या विशीतही शिरलेला नसताना, त्याने स्वतःसाठी 70 निश्चय लिहिले. वेळ वाया घालवणार नाही, कोणाची निंदा करणार नाही, रोज रात्री दिवसाची झडती घेईन, अशा तऱ्हेचे. दर आठवड्याला ते वाचायचे, असंही ठरवलं. देवाच्या मदतीवाचून मला काही करता येत नाही, हे त्याने यादीच्या आरंभीच लिहून ठेवलं. फार प्रामाणिक माणूस. पुढे त्याने मागे वळून कबूल केलं की त्या दिवसांत माझा भरवसा माझ्याच ताकदीवर फार होता.

पण आणखी एक गोष्ट आहे, आणि ती न सांगता मी त्याचं नाव घेऊ शकत नाही. 1731 साली याच एडवर्ड्सने न्यूपोर्टच्या बाजारात एक काळी मुलगी विकत घेतली. वय चौदा. कागदावर तिचं नाव व्हीनस असं आहे. सत्तर निश्चय करणारा माणूस, रोज रात्री स्वतःची झडती घेणारा माणूस, आणि त्याला हे दिसलं नाही. वाईट माणूस होता म्हणून दिसलं नाही, असं म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. तो आपल्यातल्या बहुतेकांपेक्षा अधिक कसोशीने देवाला शोधत होता. त्याने दिवा घेऊन घरातला कोपरान् कोपरा पाहिला, पण ज्या ओट्यावर उभं राहून तो दिवा धरला होता, तो ओटा पाहायचा राहिला.

म्हणून मी विचारतो, माझ्या संकल्पांच्या यादीत काय नाही? कोण नाही?

31 डिसेंबर 1862 ची रात्र आठवा. गुलामांच्या मुक्तीचा लिंकनचा जाहीरनामा 1 जानेवारी 1863 पासून बंडखोर राज्यांत लागू व्हायचा होता. त्या रात्री कृष्णवर्णीय ख्रिस्ती माणसं चर्चमध्ये जमली, गात, गुडघे टेकून, मध्यरात्रीची वाट पाहत. अमेरिकेतल्या त्यांच्या मंडळ्यांत वॉचनाईटला आजही ती आठवण काढतात. ज्या मुलीचं नाव एका भक्ताच्या यादीत नव्हतं, तिच्या लोकांची ती रात्र. येत्या 31 ला घड्याळाकडे बघताना त्यांचीही आठवण ठेवा, असं मी तुम्हाला विनवतो.

आणि आपला ओटा कोणता? मी आडपडदा ठेवत नाही. आपल्या मंडळ्यांत बाप्तिस्म्याला चार-चार पिढ्या लोटल्या, तरी मुलामुलीचं लग्न जमवायची वेळ आली की आवाज खाली येतो आणि विचारलं जातं, मूळचे कुठले? गावाचं नाव हवं असतं म्हणून हा प्रश्न येत नाही, हे विचारणाऱ्यालाही माहीत असतं आणि सांगणाऱ्यालाही. प्रभुभोजनाचा प्याला एक आणि सोयरिकीची वही वेगळी. पहाटे पाचच्या प्रार्थनेच्या निश्चयाने ही वही बंद होईल का?

त्याच टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंकडे पाहा. नवरा ख्रिस्ती झाल्यावरही त्यांनी आपलं सोवळं किती काळ आणि किती निकराने जपलं, हे त्यांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्यांना ठाऊक आहे. मग विचार करता करता त्यांना उमगलं की जाती देवाने केलेल्या नाहीत, माणसांनी केल्या. आणि उमगल्यावर त्यांनी केलं काय? इतरांच्या हातचं पाणी प्यायल्या. बाप्तिस्मा नंतर, 1900 साली. आधी पाणी. ज्या जागी आयुष्यभराची गाठ होती नेमक्या त्याच जागी त्यांनी कुदळ लावू दिली. अमुक अध्याय आणि अमुक तासांपेक्षा असा एक घोट पाण्याचा निश्चय मला फार मोठा वाटतो.

हा ओटा एकट्याला दिसत नाही, म्हणूनच निश्चय एकट्याने करायची गोष्ट नाही. मेथडिस्ट बंधूंकडे याची चांगली रीत आहे, कराराची उपासना. जॉन वेस्लीने 11 ऑगस्ट 1755 ला लंडनमधल्या स्पिटलफील्ड्सच्या फ्रेंच चर्चमध्ये ती पहिल्यांदा घेतली. सुमारे 1800 माणसं संमती म्हणून उभी राहिली. पुढे ती नववर्षाच्या पहिल्या रविवारची रीत झाली. त्या प्रार्थनेचा गाभा असा, की प्रभो, मी आता माझा नाही, मला कामाला लाव किंवा बाजूला ठेव, मला वर घे किंवा खाली बसव. तिच्यात मी अमुक करीन अशी यादी नाही. आणि ती एकट्याने खोलीत म्हणायची नाही, मंडळीत म्हणायची, शेजारचा ऐकत असताना.

शेजारच्याने ऐकल्याने काय होतं? माझ्या लहानपणीची एक वॉचनाईट सांगतो. साक्षी चालल्या होत्या. एक बाई उठल्या. लिहितावाचता न येणाऱ्या, शेतात मजुरीला जाणाऱ्या. म्हणाल्या, मला या वर्षी एकच करायचंय, जावेच्या दारात जायचंय. बांधावरून भांडण झालेलं, चौदा वर्षं दोन घरांत बोलणं नव्हतं. एवढं बोलून बाई खाली बसल्या. जाऊ त्याच देवळात, चार बाकं पुढे बसलेली. तिने मागे वळून पाहिलं नाही.

जानेवारीचा पहिला आठवडा गेला, दुसरा गेला. बाईंचे पाय उचलेनात. पण आता ते गुपित राहिलं नव्हतं. माझी आई एका संध्याकाळी त्यांच्याकडे गेली आणि म्हणाली, चला, मी येते सोबत. संक्रांतीचे दिवस होते. बाईंनी डब्यात तिळाचे लाडू घातले. जावेने दार उघडलं, डबा घेतला आणि एक अक्षर न बोलता दार लावलं. आई सांगायची, परत येताना बाई रस्ताभर रडल्या. पुढच्या रविवारी उपासनेनंतर जावेच्या मुलीने डबा परत आणून दिला. आत मूठभर साखर होती. त्या दोघी पुढे जिवाभावाच्या झाल्या असं मी सांगणार नाही. बोलायला लागल्या, बेताचंच. पण मळणीच्या वेळी एकमेकींकडे माणूस पाठवायला लागल्या. बाईंनी तो निश्चय मनातल्या मनात केला असता तर? आईला कळलं असतं का? त्यांचे पाय उचलले असते का?

फळाबद्दल एकच गोष्ट सांगून थांबतो, कारण वेळ होत आला आहे. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून हिब्रू आणि ग्रीकवरून संपूर्ण बायबल मराठीत आणलं. खेड्यातल्या साध्या बाईला कळेल अशा भाषेत आणायचं, हा त्यांचा हट्ट. त्यांच्या तिथल्या मुक्ती मिशनमधल्या मुलींनी खिळे जुळवले, छपाई केली. दुष्काळात आई-बाप गमावलेल्या, अक्षर न ओळखणाऱ्या मुली तिथे आल्या होत्या, आणि तशा मुलींच्या बोटांखालून तो ग्रंथ पानापानाने बाहेर आला. किती वर्षं गेली असतील यात! दर 1 जानेवारीला रमाबाईंच्या पुढे तेच काम, तोच पुढचा अध्याय. 1921 मध्ये त्यांची एकुलती एक लेक मनोरमा गेली. काम थांबलं नाही. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या, तेव्हा भाषांतर पुरं झालं होतं. संपूर्ण ग्रंथ छापून आला 1924 साली. बांधलेली प्रत त्यांनी हातात घेतली नाही.

लूक ती अंजिराची गोष्ट अर्ध्यात सोडतो. पुढच्या वर्षी फळ धरलं का, मालक पुन्हा आला तेव्हा काय म्हणाला, काही सांगत नाही. माळ्याचा शब्द संपतो आणि येशू दुसऱ्या कामाला लागतो. माळी मात्र कुदळ आणायला गेला असणार.

31 तारखेची उपासना रात्री साडेदहाला आहे. पाळकसाहेबांशी बोलून ठेवलं आहे, दाराशी कोरे कागद आणि पेन्सिली ठेवलेल्या असतील. एकेक घ्या. कुठे खणायचं, ती एक जागा लिहा. आणि घरी जाण्याआधी तो कागद कोणा एकाला वाचून दाखवा. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांच्यासाठी मी दाराशीच उभा असेन.